नॉमिनी, वारस आणि ‘नाव लावण्यापुरती’ सही

प्रश्न विचारणाऱ्या ताईंचा मजकूर थोडक्यात असा. वडील सात महिन्यांपूर्वी वारले. मृत्युपत्र केलेले नाही. मागे आई, आजी (वडिलांची आई), एक भाऊ आणि दोघी बहिणी. पुण्यातला फ्लॅट वडिलांनी स्वतःच्या कमाईतून घेतलेला, सोसायटीत नॉमिनी म्हणून भावाचे नाव. बँकेत मुदत ठेव, तिथे नॉमिनी आई. गावी दोन हेक्टर शेती, आजोबांनी विकत घेतलेली. आजोबा १९९१ साली मृत्युपत्र न करता गेले, तेव्हापासून सातबाऱ्यावर वडील आणि काका. शिवाय एका मित्राच्या कर्जाला वडील जामीन राहिले होते. भाऊ म्हणतो, “नॉमिनी मी आहे, फ्लॅट माझाच. तुम्ही दोघी हक्कसोडपत्रावर फक्त नाव लावण्यापुरत्या सह्या करा.” ताईंना या सगळ्या शब्दांचे अर्थ साध्या भाषेत हवे आहेत, आणि सही करावी का हेही.

आधी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देतो. आज सही करू नका. पुढे करायची की नाही ते तुम्ही ठरवा, पण हे वाचून झाल्यावर.

माणूस गेला की त्याच्या मिळकतीबद्दल एकच प्रश्न आहे असे घरात सगळ्यांना वाटते, पण प्रत्यक्षात ते तीन असतात. मालक कोण झाले, दप्तरी नाव कोणाचे लागणार, आणि तोवर पैसे किंवा कागद ताब्यात कोण घेणार. ‘वारस’ हा पहिल्या प्रश्नाचा शब्द. ‘वारसनोंद’ आणि ‘फेरफार’ दुसऱ्याचे. ‘नॉमिनी’ तिसऱ्याचा. तुमच्या भावाने तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर पहिल्याला चिकटवले आहे. तो मुद्दाम करतो आहे असे मी म्हणत नाही, बहुतेक घरांत खरोखरच तसा समज असतो.

वारस म्हणजे कायद्याने ज्यांच्याकडे मालकी येते ते. तुमचे कुटुंब १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याखाली येते असे धरतो (बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबेही त्याच कायद्याखाली येतात). पुरुष मृत्युपत्र न करता गेला तर वर्ग एकचे वारस एकाच वेळी आणि सारख्या हिश्श्याने येतात. मुलगा, मुलगी, विधवा पत्नी, आणि आई. मुलीचे लग्न झाले आहे का, लग्नात किती खर्च केला, हे कायदा विचारत नाही. आणि ‘आई’ म्हणजे मृताची आई, म्हणजे तुमची आजी. हे नाव हमखास राहून जाते. वडील मात्र वर्ग दोनमध्ये आहेत, त्यामुळे आजोबा हयात असते तरी त्यांना काही मिळाले नसते. हे लोकांना पटत नाही, पण तसे आहे.

म्हणजे फ्लॅटचे मालक वडील गेले त्या क्षणीच पाच झाले. आई, आजी, भाऊ आणि तुम्ही दोघी, प्रत्येकी एक पंचमांश. त्यासाठी कुठे अर्ज करावा लागत नाही. अर्ज करायचा तो नावासाठी, मालकी आधीच आलेली असते.

आजीबद्दल थोडे थांबून सांगतो, कारण पुढचा गुंता तिथेच होतो. आजी थकलेल्या आहेत, ‘तिला कशाला त्रास’ म्हणून कागदात त्यांचे नाव घेतले जात नाही. उद्या त्या गेल्या आणि त्यांनीही मृत्युपत्र केले नसेल, तर फ्लॅटमधला त्यांचा पंचमांश त्यांच्या मुलामुलींकडे जाईल. काकांकडे, आत्यांकडे, आणि तुमच्या वडिलांच्या वाट्याचा तुम्हा तिघा भावंडांकडे. तुमच्या आईला त्या पंचमांशातून काहीच येणार नाही, कारण स्त्रीची मुले असताना सून तिच्या वारसांत येत नाही. मग फ्लॅट विकायला काढला की खरेदीदाराचा वकील काका आणि आत्या दोघांच्याही सह्या मागतो, आणि ज्यांचा पुण्याच्या फ्लॅटशी कधी संबंध नव्हता ते दारात येऊन उभे राहतात. हे टाळायचे तर आजी हयात आणि शुद्धीत असताना, त्यांच्या मर्जीने, त्यांचा हिस्सा कोणाला हे कागदावर आणा.

आता नॉमिनी. ज्याच्या हातात पैसे किंवा शेअर सर्टिफिकेट दिले की संस्थेची जबाबदारी संपते, तो नॉमिनी. बँकेला कोण वारस, कोणाचा हिस्सा किती, या भानगडीत पडायचे नसते. त्यांना एक नाव हवे असते. सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये सरबती देवी खटल्यात विम्याच्या पैशांबद्दल हे स्पष्ट केले आणि डिसेंबर २०२३ मध्ये शक्ती येझदानी खटल्यात कंपनीच्या शेअर्सबद्दलही तेच सांगितले, की नॉमिनी झाल्याने वारसांचा हक्क मारला जात नाही. मधल्या काळात मुंबई उच्च न्यायालयाचा एक निकाल उलटा होता, त्यामुळे शेअर्सच्या बाबतीत काही वर्षे गोंधळ होता. तो आता संपला.

तेव्हा मुदत ठेवीची रक्कम बँक तुमच्या आईला देईल आणि ते बरोबरच आहे. पण कायद्याने ती रक्कम पाचही वारसांची. बहुतेक घरांत आईकडे गेलेल्या पैशांचा हिशेब कोणी मागत नाही. मागूही नये असे माझे मत, पण ते मत झाले, कायदा नव्हे. जाता जाता सांगतो, १ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेच्या ठेवीला चारपर्यंत नॉमिनी लावता येतात आणि प्रत्येकाची टक्केवारी लिहिता येते. टक्केवारी लिहिली म्हणजे वाटणी झाली, असा नवा गैरसमज आता रुजू पाहतो आहे. ती टक्केवारी बँकेने कोणाला किती रक्कम द्यायची एवढ्यापुरती आहे.

विम्याला मात्र हा नियम डोळे झाकून लावू नका. २०१५ च्या दुरुस्तीने आई-वडील, पती किंवा पत्नी, मुले यांना नॉमिनी केले असेल तर त्यांना लाभार्थी नॉमिनी, म्हणजे रक्कम स्वतःसाठी घेणारे, म्हटले आहे. त्याचा अर्थ कुठवर ताणायचा यावरही कोर्टात वाद झाले आहेत. वडिलांची पॉलिसी असेल तर ती वेगळी दाखवून घ्या.

सोसायटीचे काय? महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यात २०१९ मध्ये गृहनिर्माण संस्थांसाठी वेगळे प्रकरण आले, त्यातले कलम १५४ब-१३ तुमच्या कामाचे आहे. त्यानुसार नॉमिनीला ‘तात्पुरता सदस्य’ करून घेता येते, आणि तेही वारस ठरेपर्यंत. नावात ‘तात्पुरता’ हा शब्द उगाच आलेला नाही. तो मेंटेनन्स भरेल, नोटिसा घेईल, सभेला बसेल. कायमचे सदस्यत्व मृत्युपत्र, वारस दाखला किंवा वारसांनी आपसांत केलेला कौटुंबिक करार यावर होते. तुमच्या भावाला तात्पुरता सदस्य व्हायला तुमच्या हक्कसोडपत्राची गरज नाही. सोसायटीचे सेक्रेटरी कधीकधी स्वतःच “बहिणींचे हक्कसोड आणा” म्हणतात, कारण त्यांना पुढची कटकट नको असते. त्यांची अडचण समजण्यासारखी आहे, पण ती तुमच्या हिश्श्याने सोडवायची नाही.

आता जमीन. “वडील आणि काका, म्हणजे अर्धी अर्धी,” असे घरात धरले गेले आहे. सातबारा पुन्हा नीट पाहा. वरचा भाग गाव नमुना सात, अधिकार अभिलेखाचा. खालचा नमुना बारा, पिकांचा. वरच्या भागात भोगवटादाराच्या रकान्यात वडील आणि काका आहेत. आता उजवीकडे ‘इतर अधिकार’ लिहिले आहे तिथे बघा. आजोबा गेले तेव्हाच्या काळात मुलग्यांची नावे मुख्य रकान्यात आणि विधवेचे व मुलींचे नाव इतर हक्कात, अशी सर्रास पद्धत होती. तुमच्याकडे आजीचे आणि आत्यांचे नाव तिथे सापडण्याची दाट शक्यता आहे. नाव कोणत्या रकान्यात आहे यावरून हिस्सा कमीजास्त होत नाही. आणि सातबारा हा मालकीचा पुरावा नसून महसुलाची नोंद आहे. १९६६ च्या जमीन महसूल संहितेचे कलम १५७ एवढेच म्हणते की नोंद उलटे सिद्ध होईपर्यंत खरी धरावी.

तर हिशेब असा. आजोबांनी विकत घेतलेली दोन हेक्टर, म्हणजे २०० आर, बोलीभाषेत दोनशे गुंठे धरू. १९९१ मध्ये त्यांचे वारस चार : आजी, वडील, काका, आत्या. प्रत्येकी ५० गुंठे. मधल्या काळात आजी किंवा आत्यांनी नोंदणीकृत हक्कसोड केलेले नसेल तर वडिलांचे ५० गुंठेच होते, १०० नव्हे. ते ५० आता तुम्ही पाच जणांत, प्रत्येकी १०. आजींचे एकूण ६० झाले. म्हणजे या जमिनीत सगळ्यात मोठा हिस्सा घरातल्या त्या थकलेल्या बाईंचा आहे, आणि त्यांना कोणी विचारलेले नाही.

इथे ‘वडिलोपार्जित’ या शब्दाबद्दलही सांगायला हवे. आजोबांकडून आले की वडिलोपार्जित, असे आपण बोलतो. कायद्याच्या अर्थाने ते दरवेळी तसे नसते. आजोबांची स्वकष्टार्जित जमीन १९५६ नंतर वारसाने वडिलांकडे आली, तर त्यांच्या हातात ती त्यांची स्वतःची मिळकत होते. सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये चंदर सेन खटल्यात हे सांगितले. म्हणून तुमच्या जमिनीत तुम्हा भावंडांना जन्माने हिस्सा नव्हता. वडिलांनी मनात आणले असते तर त्यांचे ५० गुंठे ते मृत्युपत्राने कोणालाही देऊ शकले असते. जन्मसिद्ध हिस्सा येतो तो एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत. मुलींना तो २००५ च्या दुरुस्तीने मिळाला आणि वडील दुरुस्तीच्या दिवशी हयात असण्याची अट नाही, हे २०२० मध्ये विनीता शर्मा निकालाने पक्के झाले. तुम्हाला मिळतो आहे तो वारसा हक्काने मिळणारा हिस्सा. परिणाम आज सारखाच दिसतो, पण नोटिशीत किंवा दाव्यात चुकीचा शब्द लिहिला तर समोरचा वकील तिथेच बोट ठेवतो.

जुन्या उताऱ्यांवर नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ असे लिहिलेले आढळते. एकत्र कुटुंब मॅनेजर. कर्ता म्हणून त्याचे नाव, बाकीच्यांचा हक्क पोटात. तुमच्या काकांच्या किंवा पणजोबांच्या एखाद्या गटावर ते दिसले तर तो माणूस एकटा मालक होता असे समजू नका.

वारसनोंद म्हणजे मयताचे नाव कमी करून वारसांची नावे दप्तरी लावणे. अर्ज तलाठ्याकडे, मृत्यू दाखला आणि सर्व वारसांची नावे लिहिलेल्या प्रतिज्ञापत्रासह. ई-हक्क या ऑनलाइन प्रणालीवरूनही करता येतो. आधी नमुना सहा-क, म्हणजे वारस नोंदवहीत नोंद, मग नमुना सहामध्ये फेरफार, म्हणजे हक्क बदलल्याची नोंद, मग हितसंबंधितांना नोटीस. हरकत घ्यायला पंधरा दिवस मिळतात, त्यानंतर मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. कळवायची मुदत तीन महिने आहे. ती तुमच्याकडे उलटून गेली, पण त्याने हक्क बुडत नाही. २०२५ मध्ये शासनाने ‘जिवंत सातबारा’ नावाची मोहीमच काढली ती अशाच, वर्षानुवर्षे मयतांच्या नावावर राहिलेल्या उताऱ्यांसाठी. अर्ज भावाने आधीच केला असेल तर त्यातल्या वारसांच्या यादीत पाच नावे आहेत का, एवढे आधी पाहा. दोनच असतील तर नोटिशीच्या मुदतीत लेखी हरकत द्या. मुदत गेली तरी प्रांताधिकाऱ्यांकडे अपील करता येते, पण मग तारखा सुरू होतात.

नाव लागले म्हणजे जमीन वाटली गेली असेही नाही. पाच नावे लागतील तेव्हा क्षेत्र सामाईक राहील. प्रत्यक्ष बांध घालून वेगळे करणे म्हणजे वाटप, त्याची प्रक्रिया निराळी. दहा-दहा गुंठे वेगळे करायला गेलात आणि जमीन जिरायती असेल तर तुकडेबंदीचा, म्हणजे शेतीचे फार लहान तुकडे पाडू न देणारा, कायदा आडवा येतो. तेव्हा त्या भरीस पडण्यापेक्षा नावे लावून घ्या आणि कसणाऱ्याशी खंडाचे बोला.

राहिले हक्कसोडपत्र, ज्यासाठी हे सगळे. एका सहहिस्सेदाराने आपला हिस्सा दुसऱ्या सहहिस्सेदाराच्या लाभात कायमचा सोडून देण्याचा तो दस्त. दुय्यम निबंधकांकडे नोंदवावा लागतो आणि नोंदला की संपले. ‘नाव लावण्यापुरते हक्कसोडपत्र’ अशी वस्तू कायद्यात नाही. बहीण-भावांत मोबदल्याशिवाय केले तर मुद्रांक शुल्क नाममात्र लागते, म्हणूनच ते इतके सहज पुढे केले जाते. शुल्क नाममात्र असले तरी परिणाम खरेदीखताइतकाच पक्का. नंतर रद्द करायचे तर फसवणूक झाली असे सांगून दिवाणी दावा, तोही कळल्यापासून तीन वर्षांच्या आत, आणि “मी न वाचता सही केली” हे कारण शिकलेल्या माणसाच्या तोंडी कोर्टात फार टिकत नाही.

मसुदा समोर आला तर तीन ठिकाणी बोट ठेवून वाचा. पहिले पान : ‘लिहून घेणार’ म्हणून कोणाचे नाव आहे? तुम्हाला आईसाठी हिस्सा सोडायचा असेल तर तिथे आईचेच नाव हवे, भावाचे नव्हे. “आईसाठीच तर करतोय” असे म्हणत भावाच्या नावाचे दस्त झालेले मी पाहिले आहेत. दुसरे, मिळकतीचे वर्णन, म्हणजे परिशिष्ट. फ्लॅटचे बोलणे झाले असेल तर तिथे फ्लॅटच हवा. शेवटच्या ओळीत गावचा गट नंबर हळूच आलेला असतो, किंवा ‘तसेच मयताची इतर सर्व स्थावर व जंगम मिळकत’ असे चार शब्द असतात. त्या चार शब्दांत ठेव गेली, जमीन गेली. तिसरे, मोबदल्याचा मजकूर. रक्कम मिळाली असे लिहिले असेल आणि मिळाली नसेल, तर सही करू नका. बाकीची ‘माझा व माझ्या वालीवारसांचा कोणताही हक्क, हितसंबंध राहिलेला नाही’ ही भाषा नेहमीचीच असते आणि ती शब्दशः खरी असते.

भावाला खरोखर फक्त सोसायटीत नाव हवे असेल तर त्याला ना-हरकत पत्र पुरते. त्यात एवढेच लिहा : ‘तात्पुरता सदस्य म्हणून नाव लावण्यास हरकत नाही, सदनिकेतील माझा वारसा हक्क अबाधित ठेवून.’ हे वाक्य त्याला दाखवा. तो चटकन तयार झाला तर प्रश्न मिटला. ‘अबाधित’ हा शब्द काढ म्हणाला तर त्याला काय हवे आहे हे तुम्हाला कळेल.

हिस्सा द्यायचाच असेल तर तेही चांगलेच आहे, अनेक बहिणी मनापासून देतात. पण तो दिला असे म्हणून द्या. आणि नोटरीसमोर शंभराच्या स्टॅम्पवर केलेल्या कागदाला हक्कसोडपत्र म्हणू नका. स्थावर मिळकतीत त्याने हिस्सा जात नाही, भांडण मात्र येते. वडिलांनी भावाला मुखत्यारपत्र दिले होते असे जर कोणी म्हणाले, तर देणारा गेला त्याच क्षणी ते संपले. त्यानंतर त्यावर केलेली सही निरुपयोगी.

दाखल्यांचे दोन शब्द कानावर येतील. उत्तराधिकार प्रमाणपत्र म्हणजे सक्सेशन सर्टिफिकेट, येणी आणि रोखे वसूल करण्यासाठी. बँका आणि कंपन्या मागतात ते हे. वारस दाखला वेगळा. महाराष्ट्रात कोर्ट तो आजही १८२७ च्या मुंबई विनियम ८ खाली देते, आणि फ्लॅट-जमिनीच्या कामी तो उपयोगी पडतो. तलाठ्याची वारसनोंद दाखवून बँकेकडे पैसे मागितले तर बँक नाही म्हणू शकते. तुमच्यात वाद नसेल तर सोसायटीसाठी कौटुंबिक करार पुरेल आणि कोर्टाची पायरी चढावी लागणार नाही. प्रोबेट हा शब्द तुमच्या कामाचा नाही, कारण तो मृत्युपत्रावरच्या कोर्टाच्या शिक्कामोर्तबाचा आहे.

तुमची बहीण गोव्यात दिली आहे असे तुम्ही ओघात लिहिले आहे, म्हणून एक सांगून ठेवतो. यातले काहीही तिच्या सासरच्या मिळकतीला लावू नका. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनची नागरी संहिता चालत आली आहे. तिथे वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मिळकत सामाईक असते आणि एक गेला तरी निम्मी आधीपासूनच दुसऱ्याची असते. मृत्युपत्रानेही मुलांचा राखीव भाग काढून घेता येत नाही.

शेवटी वडिलांचा जामीन. हा विषय तुम्ही एका ओळीत लिहिलात, पण सगळ्यात आधी याचाच कागद हातात घ्या. १८७२ च्या करार कायद्याचे कलम १२८ म्हणते की जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. बँक आधी मित्राच्या मागे लागेल आणि मग तुमच्याकडे येईल, असा क्रम नाही. ती थेट तुमच्याकडे येऊ शकते. वडील गेल्याने तोवरचे देणे पुसले जात नाही. पण वारसांची जबाबदारी वडिलांकडून मिळालेल्या मिळकतीपुरतीच. तुमचा पगार, आईचे स्त्रीधन, जावयाचे घर याला बँक हात लावू शकत नाही. बापाचे कर्ज मुलाने फेडलेच पाहिजे हा जुना धर्मशास्त्रीय नियमही २००५ च्या दुरुस्तीनंतरच्या कर्जांना लागू नाही. वसुलीवाला फोनवर काहीही म्हणो, लेखी मागा.

बँकेत जाऊन जामीनपत्राची प्रत, कर्जाची आजची बाकी आणि मित्राने काही तारण दिले आहे का, एवढे लेखी मागून घ्या. सातबाऱ्याच्या इतर अधिकारात त्या बँकेचा ‘बोजा’ चढला आहे का तेही बघा. बोजा म्हणजे या जमिनीवर कोणाचे तरी येणे आहे अशी नोंद. ती असेपर्यंत जमीन विकायला गेलात तर घेणारा मागे हटतो. आणि हे कळल्याशिवाय कोणाच्याही लाभात हक्क सोडू नका. बाकी मोठी असेल तर वडिलांच्या मिळकतीतून आधी ती भागवावी लागेल आणि मग उरलेल्याचे पाच हिस्से होतील.